दोन पट्ट्यांच्या मधात

१२ जानेवारी, रविवार

बाबाचा कॅसेटचा डेक शेवटी बसला. आतला रबरी बेल्ट तुटला. तीन दुकानं फिरली. तिसरा दुकानदार म्हणे, "ताई, हे आता घरात शो म्हणून ठेवा." मी हसली नाही, पाय दुखून राहिले होते.

कॅसेटी वाचल्या एवढंच. दिवाळीच्या सुट्यांत मी सगळ्या दोनशे बारा कॅसेटी लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या होत्या. चाळीस वर्षं बाबाची साउंड सर्व्हिस होती, अमरावतीपासून मूर्तिजापूर, अकोल्यापर्यंत. जयंती असो का गायन पार्ट्यांचा मुकाबला, माईक लावून झाले की मिक्सरमधून एक वायर आपल्या डेकले आणि कॅसेट चालू. त्यायले हे कोणी करायले सांगितलं नव्हतं. आता धंदा बंद आहे. भोंगे, स्टँड, मोठी मशीन, सगळं विकलं. एकच काम उरलं. आपल्या विहाराच्या मैदानात चौदा एप्रिलले मुकाबला होते, त्या दिवशी मिक्सरवर बाबा बसते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ते त्याच दिवसाची वाट पाहते. सांगत नाही, पण मार्च लागला की वायरी काढून पुसत बसते.

आणि रोज सकाळी चहासोबत चतुराबाई. मूर्तिजापूरची गायिका, बाबाच्या तरुणपणी तिच्या पार्टीचं लय नाव होतं. तिचं पाटी-लेखणीचं एक सहा मिनिटांचं गाणं आहे. ते वाजल्याशिवाय बाबाचा चहा संपत नाही. उद्यापासून काय?

घरात कॉम्प्युटर शिकवणारी मी, म्हणून जे वायरीवर चालते आणि जे वायरीशिवाय चालते ते सगळं माझ्याकडे. उद्या अकोल्याले कॉलेजात चार तासिका आहे. बडनेऱ्याची सकाळची गाडी.

१४ जानेवारी, मंगळवार

जमलं. जुना लॅपटॉप मागच्या खोलीत ठेवला, तो आता घरातला गाण्याचा भंडारी. समोर बाबाच्या खोलीत एक छोटा डबा, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये एकानं टाकून दिलेला. डबा वायफायवरून गाणं घेते आणि बाबाच्या अँप्लिफायरले देते. फोनवर बोट ठेवलं की चतुराबाई हजर.

बाबानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

"मातीखालून गाऊन राहिली," म्हणे. "पण बाई थेच हाये."

मी सांगितलं की मातीखालून येते कारण फाइल एमपीथ्री आहे. गाण्यातलं जे माणसाच्या कानाले फारसं समजत नाही ते काढून टाकते आणि फाइल लहान करते.

"कोनाच्या कानाले?" बाबा म्हणे.

१९ जानेवारी, रविवार

चार दिवस गाणं अडखळत होतं. मधातच डबा चूप, मग एकदम पुढची ओळ. बाबा म्हणे, "हे बाई मले उचकी लागल्यासारखी वाटते."

आज पूर्ण दिवस त्यात गेला. फाइली पुन्हा केल्या, यावेळी फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीच न काढता. तो फॉरमॅट त्या डब्याले समजत नाही. मग लॅपटॉपमध्ये एक सेटिंग सापडलं. फाइल कोणतीही असू द्या, पाठवताना तिले पूर्ण उलगडायचं आणि कच्चा आवाज डब्याले द्यायचा. डब्याले काही समजायची गरजच नाही, आलं तसं वाजव. टिक केलं. एकही अडखळ नाही. साफ, चकचकीत आवाज. मी स्वतःवर खूश.

बाबा दोन ओळी ऐकून उठले.

"ही ते बाई नाई."

२१ जानेवारी, मंगळवार. गाडीत

बडनेरा ते अकोला बसायले जागा मिळाली की मी तपासायचे पेपर काढते. आज डायरी काढली.

काल बाबाशी अर्धा तास वाद झाला.

"पट्टी चढली," बाबा म्हणे. "चतुराबाई काळी चारमधी गाये. हे काळी पाचले टेकते न टेकते. पांढरीच्या वर अन् काळीच्या खाली. दोन पट्ट्यांच्या मधात कोनी गाते काय? पेटीवाला बोट ठेवन कुठं?"

"बाबा, फाइलीत पट्टी बदलत नाही. मी लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐकलं. बिलकुल बरोबर आहे."

"मंग तू लॅपटॉपवरच ऐक. मी इथं ऐकून राहिलो."

"ढोलकी तरी बरोबर आहे ना?"

"ढोलकी धावून राहिली. त्याची गाडी सुटून राहिली असन."

माझीच गाडी सुटता सुटता राहिली आज.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी अकोल्याले झेंडावंदन, दुपारी वापस. बसल्या बसल्या सगळ्या फाइली वेव्हमध्ये केल्या. एमपीथ्री, मोठी एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह. दोनशे बारा गुणिले चार. लॅपटॉप इतका तापला की आईनं त्याच्याखाली पोळपाट उलटा ठेवला.

बाबाचं तेच. "चढली."

आई स्वयंपाकघरातून म्हणे, "मले पट्टी-बिट्टी काई समजत नाई. पण या गान्यात माह्या सहा भाकरी होत. आता सहावी तव्यावर राहते अन् बाई चूप होते."

मी म्हटलं, "आई, साठी झाली तुझी. हात मंदावला."

"हाव," आई म्हणे. "माह्याच हात मंदावला."

३१ जानेवारी

आज बाबानं गाणं लावूच दिलं नाही. चहा अर्धा ठेवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

काल बाबाचा फोन त्यायच्या उशाशी वाजून राहिला होता, त्यायले ऐकू आला नाही. परवा कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या नाही. टीव्ही मोठा करते आणि म्हणते, बायका बारीक बोलून राहिल्या. चाळीस वर्षं भोंग्यांच्या समोर उभं राहिलेला माणूस. फाइल चार प्रकारची करून पाहिली, चारही वेळा तक्रार तीच. म्हणजे खराबी फाइलीत नाही.

कानात आहे.

हे लिहिल्यावर मले हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लाज वाटली. कारण कानात असन तर माझं काम संपलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबाले अकोल्याले सोबत नेलं. कॉलेजच्या मागे एक कानाचे डॉक्टर आहे, तिथे. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावते आणि आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाबा बाहेर आले ते वैतागून.

"काय ऐकवलं?"

"टिंग टिंग. येकही पुरा सूर नाई. अन् खोलीत पंख्याचा आवाज येते, थो पहिले बंद करा म्हना त्यायले."

कागदावर रेघ. डावीकडे बरी, उजवीकडे उतरत उतरत खाली. डॉक्टर म्हणे, उंच आवाज कमी झाले, या वयात होते, त्यात यांचा धंदाही तसा. बोलणं समजते पण मशीन लावलेलं बरं. बाबानं कागद दोन वेळा पाहिला आणि घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवला. स्वतःच्या खिशात नाही.

वापसीत गाडी मूर्तिजापूरले थांबली. बाबा खिडकीतून पाहून राहिले होते.

"पुने," ते मले म्हणे, "इथं उतरू. चतुराबाईचं घर लाइनच्या पलीकडंच हाये. तिलेच इचारू कोन्त्या पट्टीत गाये ते."

"बाबा, मी सकाळी पाचची उठली आहे."

गाडी सुटली तशी बाबानं खिडकी ओढून घेतली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संघपालभाऊ घरी आले होते. जयंती समितीचे सचिव, आमच्याच गल्लीतले. बाबा बाहेर गेले होते, आणि हे पाहूनच ते आले असं मले वाटलं.

"ताई, काकाचे कान कसे हायेत? मागच्या साली माईकनं तीन डाव शिट्टी मारली. पब्लिकनं कान झाकले अन् काका आपले बसून. पोट्टे हसले. मले बरं नाई वाटलं."

मी त्यायले अकोल्याच्या डॉक्टरचं सांगितलं. रेघ उतरते ते सांगितलं.

"यंदा त्यायले त्रास नका देऊ," मी म्हटलं.

भाऊच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. म्हणे, बडनेऱ्याचा एक साउंडवाला आहे, नवीन मशीन आहे त्याच्याजवळ, त्याले सांगतो. जाताना म्हणे, "तुमी सांगतलं हे मी कोनाले सांगनार नाई."

मी कुठं म्हटलं होतं की सांगू नका.

बाबाच्या भल्यासाठीच केलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लोकांनी हसण्यापेक्षा हे बरं. बाबाले सांगायचं आहे. आज नाही, उद्या प्रॅक्टिकल आहे.

२ मार्च, रविवार

सांगायचं राहून गेलं.

आज विहारात वंदना झाल्यावर संघपालभाऊनं जयंतीची कामं वाचून दाखवली. मंडप अमुक, पाणी अमुक, जेवण अमुक. "साउंड, बडनेरा." असं. नुसतं गावाचं नाव.

सगळ्यायनं बाबाकडे पाहिलं. बाबा म्हणे, "बरं केलं. आता नवीन मानसं पाहिजे." आणि उठून चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या.

घरी आल्यावर म्हणे, "थे डॉक्टर म्हने थे मशीन आनून दे बाप्पा. अन् माह्या खोलीतला डबा काढून ने."

"डबा राहू द्या ना."

"माह्येच कान खोटे निंघाले त गानं काय करते तिथं?"

मी डबा काढला. वायर गुंडाळताना आई दारात उभी होती. मले वाटलं, तिनं मले रागवायले पाहिजे होतं.

११ मार्च

परीक्षा. तीन दिवसांपासून मी घरी फक्त झोपायले येऊन राहिली. मार्च लागला, पण बाबानं वायरी काढल्या नाही. कानातलं मशीन लावून बसते. म्हणते, भाजीले फोडणी दिली तरी पत्रा वाजल्यासारखं वाटते.

२२ मार्च, शनिवार

मूर्तिजापूरले उतरली.

ठरवून नाही. घरी जायचं जीवावर आलं होतं. रोज बाबा विचारते, "जेवली काय?" आणि मी हो म्हणते, एवढंच बोलणं उरलं आहे. गाडी थांबली आणि मी उतरली.

लाइनच्या पलीकडे विचारत गेली. चतुराबाई अंगणात हरभरा निवडून राहिली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हातभर उंच उरली आहे, आवाज मात्र घरभर. मी बाबाचं नाव सांगितलं.

"साउंडवाल्या धरमपालची पोरगी? ये माय, बस. तुह्या बापानं मले येक डाव भर मैदानात सांगतलं होतं, बाई, माईकच्या मांगं सर, माईक तुमाले घाबरून राहिला. जित्ता हाये ना?"

"हो. तुमचं गाणं रोज ऐकत होते."

"होते म्हंजे?"

मग मी सगळं सांगितलं. फोनमध्ये तीच फाइल होती, ती लावली. चतुराबाईनं पहिल्या आलापालेच मान डोलावली, मग पुतण्याले हाका मारून कपाटावरची पेटी काढायले लावली. पेटीवर धूळ, भाता फाटका, पण वाजली. तिनं काळी चार दाबून धरली. फोनमधलं गाणं आणि पेटी एकाच जागी बसले.

"पाय, माह्या गळ्याले दुसरी पट्टीच नोती. काळी चार."

मले आनंद झाला. खरं सांगते, पहिले आनंदच झाला. म्हणजे फाइल बरोबर, मी बरोबर, बाबा चूक. मी म्हटलं, "बघा ना. आणि बाबा म्हणते की काळी पाचले टेकते न टेकते. कान गेले त्यायचे."

चतुराबाईनं पेटीवरचं बोट काढलं.

"कान गेला त आवाज लहान होते, बाई. पट्टी कशी चढन? माह्या भावाले काई ऐकू येत नाई. पन जेवढं येते तेवढं सुरातच येते. धरमपाल चढली म्हनते त कुठं तरी चढली असन. तू ऐकलं काय तिथं बसून, तो ऐकते तिथं?"

ऐकलं होतं. पण काय ऐकायचं हे मले माहीत नव्हतं. मी फक्त अडखळते का ते ऐकत होती.

निघताना तिनं मूठभर हरभरा दिला. पुढची गाडी दीड तासानं आली.

२३ मार्च, रविवार

सकाळी बाबा विहारात गेले, तेव्हा डबा पुन्हा त्यायच्या खोलीत लावला. लॅपटॉपवर ते गाणं सहा मिनिटं दोन सेकंदांचं आहे. बाबाच्या खोलीत फोनवर वेळ लावून बसली.

पाच मिनिटं तेहतीस सेकंद.

आई दारातून म्हणे, "झालं ना सहाव्या भाकरीच्या पहिले?"

कारण इतकं लहान आहे की लिहायची लाज वाटते. कॅसेटी उतरवताना मी एका सेकंदाच्या आवाजाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे केले होते. एकोणीस जानेवारीले ते टिक केलं, तेव्हापासून लॅपटॉप नुसते तुकडे पाठवून राहिला होता, एका सेकंदाले किती घ्यायचे हे सांगतच नव्हता. डबा स्वतःच्या मनानं सेकंदाले अठ्ठेचाळीस हजार घेऊन राहिला होता. म्हणजे सगळं जल्दी, आणि जल्दी म्हणजे उंच. दीड पट्टी. बरोबर दोन पट्ट्यांच्या मधात.

मी फाइली चार वेळा बदलल्या. फाइल कोणतीही असली तरी भिंतीपलीकडे जाताना तिची एकच गत होत होती. एमपीथ्री सरळ जात होती त्या पहिल्या पाच दिवसांत बाबानं पट्टीचं नावही काढलं नव्हतं. हे या डायरीतच लिहिलेलं आहे, माझ्याच हातानं.

सेटिंग सुधारायले दोन मिनिटं लागली.

बाबा आले तेव्हा गाणं चालू होतं. ते चपला घालूनच दारात उभे राहिले. कानातलं मशीन काढून हातात घेतलं. ध्रुवपद संपेपर्यंत तसेच उभे.

"काळी चार," म्हणे.

मी सांगितलं. चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, सगळं. त्यायनं ऐकून घेतलं.

"अन् संघपालले कोनं सांगतलं?"

आई पाण्याचा ग्लास घेऊन येत होती, ती मधातच थांबली.

"मी," मी म्हटलं.

बाबानं चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या. "दोन मयने मी सांगत होतो त तू फाइली बदलत होती. माह्यावर भरोसा ठेवाले काई डाउनलोड करा लागत नोतं, पुने."

गाणं चालूच होतं. बंद कोणी करायचं हे समजत नव्हतं.

२९ मार्च

बाबा सकाळी गाणं स्वतः लावते, फोनवर कसं लावायचं ते आईकडून शिकले. माझ्याकडून नाही. आई मले म्हणे, "जिथं बिघडवलं तिथंच जाऊन सांग. मले सांगून काय होते?"

संघपालभाऊले फोन केला. म्हणे, "ताई, बडनेरावाल्याले सुपारी गेली, आता कसं फिरवू? अन् काकाच म्हनले ना, बरं केलं."

६ एप्रिल, रविवार

वंदना झाली. सूचना असन तर सांगा म्हटल्यावर मी उठली. विहारातला माईक बाबानंच लावलेला आहे. त्याच्यासमोर उभं राहून बोलणं कॉलेजात साठ पोरांसमोर बोलण्यासारखं नाही.

मी म्हटलं, बाबाचे कान सुरात चुकले असं मी समजली आणि तसं सांगितलं. ते चूक होतं. गाणं मी चुकीचं वाजवून राहिली होती, ते बरोबर ऐकून राहिले होते. त्यायले मिक्सरवरून काढायचं कारण मी दिलं, ते कारण खोटं होतं.

मागून समितीतले डोमाजी आजोबा म्हणे, "मंग थे अकोल्याच्या डाक्टरचं काय? थोही खोटा?"

मी बाबाकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहून राहिले होते. इथं हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ते खरं आहे. उंच आवाज त्यायले कमी येते. शिट्टी येत नाही."

बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी म्हणे, पोरगी बापाची बाजू घ्याले उठली का बापाले खाली बसवाले?

मग बाबा उठले. माईकजवळ आले नाही, जागेवरूनच बोलले. "पोरगी खरं सांगून राहिली. शिट्टी मले येत नाई. कानातलं मशीन लावलं त शिट्टी येते, पन गानारीचा आवाज पत्र्यावानी येते, त्याच्यावर मी बटन फिरवू शकत नाई. मले सूर येते. गानारी घाबरली का समजते. पेटी माईकच्या खाली गेली का समजते. ज्याले हे दोन्ही येत असन त्याले बसवा. माह्यं काई म्हननं नाई."

संघपालभाऊ डोकं खाजवत म्हणे, "बडनेरावाल्याचं मशीन चांगलं हाये, काका. पन थो डीजेवाला. पेटी-ढोलकीवर त्यानं कधी बसून नाई पायलं."

"मंग मशीन त्याचं, बटन धरमपालचं," डोमाजी आजोबा म्हणे. "अन् शिट्टीसाठी या बाईले बसवा बाजूले. तिले लय ऐकू येते."

हसले सगळे. मीही हसायचा प्रयत्न केला. बाबा हसले नाही.

"बसन थे," म्हणे. मले विचारलं नाही.

१० एप्रिल

अंगणात वायरी. बाबा एकेक ताणून पाहते, पुसते, गुंडाळते. मी मदत करू का म्हटलं. म्हणे, "चहा ठेव."

१५ एप्रिल, मंगळवार. गाडीत

मुकाबला काल सहा वाजता चालू होणार होता, साडेसातले झाला. एका बाजूले मोर्शीची पार्टी, दुसऱ्या बाजूले अकोल्याची, गीतांजलीची. पंचविशीतली मुलगी आहे, आवाज पातळ पण लांब जाते. मैदान भरलं होतं. भिंतीवर पोट्टे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाया.

बडनेऱ्याच्या पोरानं आपलं मशीन जोडून दिलं आणि बाबाले म्हणे, "काका, इथं काई दाबू नका, हे कॉम्प्युटरवालं हाये." बाबा म्हणे, "बरं झालं सांगतलं. माह्या घरी बी येक हाये."

मग मले नियम सांगितले. तेवीस मार्चनंतर ते माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलले.

"शिट्टी याले लागली का माह्यं मनगट धर. सोडली का सोड. बोलू नोको. मी गानारीकडं पाहून राहीन, तुह्याकडं नाई."

गीतांजलीनं पहिली ओळ घेतली आणि बाबानं तिचा माईक थोडा खाली केला, पेटी थोडी वर. मले काही फरक कळला नाही. तिनं मात्र स्टेजवरून आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या ओळीले तिचा आवाज मोकळा झाला. घाबरली होती हे मले तेव्हा समजलं.

पहिली शिट्टी दुसऱ्या गाण्यात आली, अगदी बारीक, सुईसारखी. मी मनगट धरलं. बाबाचं बोट खाली गेलं, शिट्टी गेली. दुसरी मोर्शीवाल्यांच्या वेळी. तिसरी त्यायच्यातला एक जण माईक हातात घेऊन भोंग्यासमोर गेला तेव्हा. मी धरत होती, सोडत होती. त्यायचं मनगट किती बारीक झालं आहे हे मी कधी पाहिलंच नव्हतं. घामानं ओलं होतं. इतक्या वर्षांत त्यायले मिक्सरवर घाम येते हे मले माहीत नव्हतं.

चौथ्या वेळी मी हात नेला, तोपर्यंत बटण खाली गेलेलं होतं. पुढच्या रांगेतल्या लेकरायनं कानावर हात ठेवले होते. ते पाहून केलं का खरंच ऐकू आलं, विचारायचं होतं. बोलायचं नव्हतं. मी मनगट धरलं ते धरलंच, माझा पंजा पार बटणावर आला. गाणं चालू होतं, गीतांजली वरच्या सुरावर गेली होती, मैदान तिच्यासोबत टाळ्या देऊन राहिलं होतं. बाबानं हात ओढून घेतला नाही.

थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, म्हणे, "आता सोड. बटन दिसून नाई राहिलं."